पेटंटांचं कपाट आणि भोसरीचं गिऱ्हाईक

वाचकाचं पत्र (थोडं आखडून):

"मी पुण्यातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. जूनमध्ये कुलगुरूंनी बोलावून घेतलं आणि तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाच्या संचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात घातला. तास आणि पीएचडीचे विद्यार्थी आहेत तसेच आहेत. कार्यालय म्हणजे एक कंत्राटी सहायक आणि एक कपाट. कपाटात साठ-पासष्ट पेटंटांच्या फायली. वापराचं लायसन्स कोणी एकाचंही घेतलेलं नाही. कुलगुरूंना वर्षाला शंभर अर्ज हवेत, कारण एनआयआरएफ, ती विद्यापीठांची सरकारी क्रमवारी. सहकारी म्हणतात, 'तुमचं ऑफिस म्हणजे आणखी एक फॉर्म.' आमच्या एका प्राध्यापकांनी क्रोम न वापरता गंज रोखणारा लेप तयार केलाय. गेल्या डिसेंबरात भारतात पेटंटचा अर्ज झाला आणि त्यानंतर पेपर आला. भोसरीचे एक प्लेटिंगवाले (धातूवर लेप चढवणारे) उद्योजक त्यासाठी मागे लागलेत; पण त्यांना ते 'पूर्ण आपल्या नावावर' हवंय आणि पैसे 'माल विकला गेला की बघू'. मला कायदा येत नाही, धंदा तर नाहीच. सुरुवात कुठून करू? की कार्यभार परत करून प्रयोगशाळेत जाऊ?"
– एक प्राध्यापिका, पुणे

मॅडम,

कार्यभार ठेवायचा की परत करायचा ते शेवटी बघू. आधी कपाट उघडा.

माझी सगळी नोकरी कंपनीत गेली. विद्यापीठांकडून आलेलं तंत्रज्ञान घ्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्यांत मी असायचो. त्यामुळे तुमच्यासारख्या कार्यालयाची आमच्याकडून काय गत व्हायची ते सांगू शकतो. दिवाळीच्या आसपास एक मेल यायचा, सोबत 'उपलब्ध तंत्रज्ञानांची यादी' म्हणून भलीमोठी पीडीएफ. आम्ही ती जपून ठेवायचो आणि कोणीही उघडायचं नाही. आमची अडचण त्या यादीत कुठे बसते हे शोधायला आमच्याकडे वेळ नसायचा, आणि विद्यापीठाला आमची अडचण काय आहे हेच ठाऊक नसायचं. कोणी एकानं येऊन कारखान्यात दोन तास घालवले असते तर ते कळलं असतं. येत नसत.

म्हणून तुमच्या कामाचा कणा मी पेटंटला मानत नाही. लायसन्स घेणारा माणूस शोधणं हे खरं काम, आणि शक्य असेल तिथे अर्जाआधीच. पेटंट एजंट पैसे देऊन मिळतो. फाटकातून आत जाऊन 'तुमचं नेमकं कुठे अडतं?' असं विचारणारा माणूस विकत मिळत नाही. तो तुम्हालाच व्हावं लागेल.

आता कपाट. प्रत्येक फायलीला एक कागद लावा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा. ही अडचण सोडवण्यासाठी आज कोण पैसे खर्च करतोय? संशोधक अजून या विषयावर काम करतो का, आणि फोन उचलतो का? अर्जाची स्थिती काय? तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या सहायकाला पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर दोन-तीन आठवडे बसवा. तुमच्यासमोर काय येईल ते आत्ताच सांगतो. बऱ्याच फायली अर्ज आणि प्रसिद्धी इथपर्यंतच आलेल्या असतील आणि परीक्षणाची मागणी कोणी केलेलीच नसेल. आपल्याकडे अर्ज केला की तपासणी आपोआप सुरू होत नाही, ती वेगळी मागावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने मिळतात, त्याआधीच्यांना ४८ मिळायचे. मुदत टळली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. क्रमवारीत मात्र नुसत्या प्रसिद्ध झालेल्या अर्जालाही किंमत आहे. त्यामुळे अर्ज छापून आला, फोटो निघाला, पेढे वाटले, आणि पुढे तो वारला तरी कोणाला सुतक नाही.

पहिल्या दोन प्रश्नांना ज्या फायलीकडे उत्तर नाही ती समितीपुढे ठेवून बंद करा. नूतनीकरणाची फी पहिली काही वर्षं किरकोळ असते (शिक्षणसंस्थांना तिसऱ्या ते सहाव्या वर्षी वर्षाला ८०० रुपये), म्हणून 'राहू दे की' म्हणायचा मोह होतो. पण पैशांपेक्षा लक्ष महत्त्वाचं. साठ फायली सांभाळणारा सहायक एकाही फायलीसाठी फोन करत नाही. पाच-सहा उरल्या तर ते चांगलं कपाट.

कुलगुरूंच्या शंभराचं काय? त्यांच्याशी भांडू नका. तेही वरच्या कोणाला तरी आकडा दाखवतात. हा आकडा इतका सोपा का झाला तेवढं मात्र सांगा. २०२१ च्या नियमबदलानं शिक्षणसंस्थांची फी ८० टक्क्यांनी उतरली. आज ऑनलाइन अर्ज १,६०० रुपयांत होतो, परीक्षणाची मागणी ४,००० त. फी उतरली ते बरंच झालं, पण त्यामुळे अर्ज करणं ही काही कर्तबगारी उरली नाही. जोडीला व्हॉट्सअॅपवरचा बाजार आहेच: 'डिझाइन पेटंटमध्ये तिसऱ्या नावाची जागा शिल्लक, बढतीला उपयोगी, दर अमुक'. तुमच्या विद्यापीठातही हे मेसेज फिरत असणार. असल्या अर्जांवर कार्यालयाचा शिक्का उठणार नाही हे पहिल्याच महिन्यात जाहीर करा. थोडा कडवटपणा येईल. पण हे केलं नाही तर खरं काम करणारे प्राध्यापक तुमच्या दाराशी फिरकणार नाहीत. कुलगुरूंना शंभराऐवजी दुसरा तक्ता द्या: किती कारखान्यांना भेटी दिल्या, किती गोपनीयता करार झाले, चाचणीसाठी किती नमुने बाहेर गेले, किती ऑप्शन (ठरावीक मुदतीत लायसन्स घेण्याचा राखीव हक्क) झाले, किती लायसन्सं. पहिल्या वर्षी शेवटच्या रकान्यात शून्य दिसेल. ते आधीच सांगून टाका, म्हणजे मार्चमध्ये कोणाला धक्का बसणार नाही.

आणि पैशाचं स्वप्न कोणी दाखवत असेल तर त्यालाही आवरा. अमेरिकेत १९८० च्या बाय-डोल कायद्यानं सरकारी पैशातल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली. तिथेही बहुतेक विद्यापीठांची अशी कार्यालयं स्वतःचा खर्च भागवत नाहीत; मोजक्या ठिकाणी एखादं मोठं पेटंट लागतं आणि गोष्टी त्याच्याच सांगितल्या जातात. आपल्याकडे तसाच कायदा आणायला २००८ मध्ये विधेयक आलं होतं, ते २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे इथे मालकी कोणाची, हे अनुदानाचं मंजुरीपत्र आणि तुमच्या विद्यापीठाचं धोरण यांवरच ठरतं. दोन्ही वाचा. विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयाच्या २००० सालच्या सूचनांनुसार त्यांच्या पैशातून आलेल्या शोधाची कमाई संस्थेला ठेवता येते, आणि संशोधकांचा वाटा प्रत्यक्ष कमाईच्या एक तृतीयांशापर्यंत असू शकतो. तुमच्या धोरणात संशोधकाचा वाटा लिहिलाच नसेल तर तो आधी लिहून घ्या. मोघम आश्वासनावर कोणी प्राध्यापक शनिवार खर्च करत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मोठं पेटंट कसं लागलं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांचं डीएनए जोडण्याचं काम १९७३ च्या नोव्हेंबरात छापून आलं. तिथल्या हस्तांतरण कार्यालयाचे प्रमुख नील्स रायमर्स यांना ते कळलं पुढच्या वर्षी, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून. कोणी फॉर्म भरून पाठवला नव्हता. रायमर्सनी फोन केला तर कोहेन पेटंट घ्यायलाच राजी नव्हते. समजावणीत महिने गेले आणि छापल्यावरही अर्ज करू देणारी अमेरिकेतली एक वर्षाची सवलत संपायला आठवडा राहिला असताना अर्ज पडला. परदेशातले हक्क तोवर गेलेच होते, कारण तिथे छापलं की संपलं. तरी त्यांनी ते एकाच कंपनीला न देता माफक शुल्कात मागेल त्याला दिलं. चारशेहून अधिक कंपन्यांनी घेतलं आणि पेटंट संपेपर्यंत सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर जमा झाले. रायमर्सचं कार्यालय वकिली काम बाहेर द्यायचं. आतली माणसं गिऱ्हाईक शोधायची. तुमच्याकडे एकच माणूस आहे, तेव्हा त्याच्याकडून तरी अर्जाचे मसुदे लिहून घेऊ नका.

सहकाऱ्यांच्या फॉर्मच्या तक्रारीत तथ्य आहे. फॉर्म एका पानाचा करा, आणि तोही तुम्हीच भरा, त्यांच्या प्रयोगशाळेत चहा पिता पिता. तुम्ही स्वतः रसायनवाल्या आहात. अर्ध्या तासात तुम्हाला जे दिसेल ते फॉर्म वाचून वकिलाला महिन्यात दिसणार नाही. त्यांच्याकडून एकच वचन घ्या: पेपर पाठवण्याआधी, पोस्टर लावण्याआधी एक फोन. आपल्या कायद्यात कलम ३१ ची बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे: सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध, असं काही. आंतरराष्ट्रीय जर्नलमधला पेपर त्यात बसेल या भरवशावर कोणी राहू नये. बारा महिन्यांत पूर्ण करायचा तात्पुरता अर्ज आठवड्याभरात करता येतो. पेपर अडवायची गरजच पडत नाही.

एक भोक बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, ते पीएचडीच्या प्रबंधाचं. यूजीसीच्या नियमानं प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि चढला की जगासाठी उघडा झाला. तुमच्या पीएचडी विभागातल्या ज्या ताई-दादा सीडी आणि नो-ड्यूज गोळा करतात त्यांच्याशी ओळख करून घ्या. प्रबंध जमा व्हायच्या आधी 'यात पेटंटजोगं काही आहे का' असा एक रकाना त्यांच्या तपासयादीत टाकून घेतलात तर वर्षभरातलं सर्वांत उपयोगी काम झालं असं समजा. त्याच विद्यार्थ्याकडून हक्क विद्यापीठाकडे सोपवल्याचा कागदही तेव्हाच सही करून घ्या. आपल्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधावर मालकाचा आपोआप हक्क सांगणारं कलम नाही, आणि विद्यार्थी तर नोकरही नसतो. दोन वर्षांनी तो जर्मनीत पोस्टडॉक करत असताना सहीसाठी त्याच्या मागे धावण्याची वेळ येऊ नये.

आता तुमच्या भोसरीच्या गृहस्थांकडे येतो, कारण पत्रातला खरा जिवंत मुद्दा तोच आहे.

ते पैसे नंतर देतो म्हणतात ते लबाडी म्हणून नव्हे. प्लेटिंगवाल्याची गणितं समजून घ्या. त्यांचा बहुतेक माल जॉबवर्कचा असणार: चाकणच्या कुठल्यातरी व्हेंडरचे बोल्ट, ब्रॅकेट येतात, किलोच्या दरानं लेप चढवून परत जातात. त्यांनी लेपाचं रसायन बदललं की गिऱ्हाइकाकडून नव्यानं मंजुरी घ्यावी लागते. वाहन उद्योगात त्याला पीपॅप म्हणतात. नमुने, सॉल्ट स्प्रेचे तास (मिठाच्या फवाऱ्यात गंज न चढता किती निघतात), टॉर्कची चाचणी, कागदांचा गठ्ठा. त्यात महिने जातात, आणि तोवर नव्या बाथमधून, म्हणजे रसायनाच्या हौदातून, एक रुपयाचा माल बाहेर पडत नाही. षट्संयुजी क्रोमवर (लेपातल्या क्रोमचं विषारी रूप) युरोपनं वाहनांसाठी आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी कधीच बंधनं आणली. निर्यातीचा माल करणाऱ्यांचा बाकीच्यांवरही दबाव असतो. सांडपाण्यातल्या क्रोममुळे प्रदूषण मंडळाची डोकेदुखी वेगळी. म्हणजे गरज खरी आहे, आणि आज हाती पैसा नसणंही खरं आहे.

तुम्ही त्यांच्या शॉपमध्ये एक सकाळ घालवा. संशोधकांना सोबत न्या, आणि त्यांना बोलू न देता ऐकायला सांगा. बाथ किती दिवस टिकतो, गाळ किती पडतो, तापमान पाच अंशांनी घसरलं तर काय होतं, कामगार घाईत दोन धुण्यांपैकी एक गाळतो तेव्हा लेप सोलतो का. पेपरमध्ये यातलं काहीच नसतं. प्रयोगशाळेत पाच बाय पाचच्या घासूनपुसून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर मिळालेले तास आणि बॅरलमध्ये एकमेकांवर आपटणाऱ्या तेलकट बोल्टांवर मिळालेले तास यांत फरक पडणारच. तो किती, हे बाहेरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून काढा. विद्यापीठाच्या स्वतःच्या अहवालावर कंपनी विश्वास ठेवत नाही, मी ठेवत नसे.

'पूर्ण आपल्या नावावर' याला ठाम नकार द्या. पेटंटची मालकी गेली की उद्या त्यांनी धंदा बंद केला, मुलानं जागा विकली, तरी तुमचा शोध त्यांच्या तिजोरीत. शिवाय मंजुरीपत्रात सरकारचे काही हक्क राखलेले असतील तर मालकी विकण्याची मुभाच कदाचित नसेल. द्यायचं ते लायसन्स, आणि लेखीच. कलम ६८ प्रमाणे तोंडी लायसन्सला कायद्यापुढे अर्थ नाही. सुधारणा केल्या तर त्याही सगळ्या एकतर्फी आमच्याच, असं कोणत्याही बाजूनं मसुद्यात घातलं तर खोडा. सुधारणांचे हक्क असे सक्तीनं काढून घेणं कलम १४० मध्ये बसत नाही.

पण याच्याही आधीचा प्रश्न: या लेपाचं लायसन्स घेणारे योग्य गिऱ्हाईक हे प्लेटिंगवाले आहेत का? मला नाही वाटत. ते रसायन वापरतात, बनवत नाहीत. त्यांना अनन्य हक्क दिलात तर तो लेप भोसरीतल्या एका शेडपुरता राहील. प्लेटिंगची रसायनं बनवून शेकडो शॉपना पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. त्यांच्याकडे विक्रीची माणसं असतात, बाथ बिघडला की रात्री धावणारे तंत्रज्ञ असतात, आणि मोठ्या वाहन कंपन्यांची मंजुरी एकदाच मिळवून ती सगळ्यांना वापरता येते. लायसन्स त्यांना द्यायचं, रॉयल्टी विकलेल्या रसायनाच्या लिटरवर किंवा किलोवर. मोजायला सोपी, लपवायला अवघड. बोल्टच्या किलोवर रॉयल्टी घ्यायला गेलात तर तुम्हाला त्यांच्या चलनवह्या तपासत बसावं लागेल.

म्हणून गृहस्थांना हाकलायचं का? मुळीच नाही. रसायन कंपनीकडे जाताना 'भोसरीच्या एका चालू शॉपमध्ये खऱ्या मालावर चाचणी झाली आहे' हे वाक्य तुमच्याजवळ असलं तर दार निम्मं उघडतं. ते वाक्य हे गृहस्थच देऊ शकतात. त्यांना सांगा: चाचणी तुमच्याकडे करू, त्याची आकडेवारी दोघांची. बदल्यात स्वतःच्या शॉपमध्ये वापरण्याचा हक्क आणि इतर प्लेटिंगवाल्यांच्या आधी वर्षभराची आघाडी. त्यांना खरं तर हेच हवंय. मालकीची भाषा आघाडीसाठी असते. उद्या एखादी रसायन कंपनी अनन्य हक्क मागेल. तेव्हा भोसरीवाल्यांची ही सवलत कायम ठेवून बाकीचे हक्क द्या, मुदत घाला, आणि किमान वार्षिक रॉयल्टी लावा, म्हणजे पेटंट घेऊन फडताळात टाकायची सोय उरणार नाही.

वेळ मात्र कमी आहे. भारतातला अर्ज गेल्या डिसेंबरातला, म्हणजे परदेशात जायचं असेल तर त्या तारखेपासून बारा महिन्यांत पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकत्र आंतरराष्ट्रीय अर्ज) करावा लागेल. अर्ज तात्पुरता असेल तर पूर्ण विवरणही तेव्हाच. पेपर नंतर आला हे तुमचं नशीब. पीसीटीचा खर्च वकिलासकट लाखाच्या पुढे जातो, नंतर एकेका देशाचे पैसे वेगळे. पण त्यानंतर मूळ तारखेपासून तीस महिन्यांपर्यंत देश निवडायला सवड मिळते. या लेपासाठी तो खर्च करा. बाकीच्या कपाटासाठी करू नका.

मदत जवळच आहे. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात २००७ पासून नवउद्योगांना मदत करणारं व्हेंचर सेंटर आहे आणि तिथलं विभागीय हस्तांतरण कार्यालय बाहेरच्या संस्थांचंही काम बघतं. करारांचे नमुने, किंमत कशी लावायची, हे तिथे शिकलेल्या माणसांकडून घ्या. तुमच्या सहायकालाही तिथे पाठवा. सेनापती बापट रस्त्यावरचं मराठा चेंबर, म्हणजे उद्योजकांची संघटना, कारखानदारांच्या ओळखीसाठी. आणि तुमच्या लेखा विभागाला आताच विचारून ठेवा की लायसन्स शुल्काची जीएसटीसकट पावती कोण फाडणार आणि पैसे कोणत्या खात्यात जमा होणार. पहिला चेक या प्रश्नावर महिनाभर पडून राहिलेला मी पलीकडून पाहिलाय. पुढच्या वेळी आमच्या वित्त विभागानं त्या विद्यापीठाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घातल्या.

आता कार्यभाराचं. अतिरिक्त म्हणून हे काम होत नाही. कुलगुरूंकडे तीन गोष्टी लेखी मागा: निम्मा अध्यापनभार कमी, अर्ज नाकारण्याचा अधिकार, आणि दुसरा एक माणूस, शक्यतो कंपनीत विक्री केलेला. तीनही मिळाल्या तर तीन वर्षं द्या. दोन मिळाल्या तर एक वर्ष देऊन बघा. फक्त खुर्ची आणि कपाटच मिळणार असेल तर हा लेप मार्गी लावून प्रयोगशाळेत परत जा, त्यात कमीपणा नाही.

भोसरीच्या गृहस्थांना मात्र याच आठवड्यात ऑप्शन कराराचा मसुदा पाठवा. मुदत सहा महिने लिहा, ते नऊ मागतील, नऊ द्या. थोडं का होईना शुल्क ठेवा, परत न मिळणारं पण पुढच्या लायसन्समध्ये वळतं होणारं. तेवढेही पैसे द्यायची त्यांची तयारी नसेल, तर चाचणीसाठी चिंचवडात आणि चाकणमध्ये आणखी शॉप आहेत.